कुणाच्या तोंडी शोभेल

३ ऑक्टोबर

चि. चिगुसा हिस,
अनेक आशीर्वाद.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. आमच्या गल्लीच्या समितीने माझा कचरा परत केला आहे.

पारदर्शक पिशवीवर घरमालकाचं नाव ठळक शाईत लिहावं, हा नियम मला मान्य आहे. ते कोणत्या लिपीत लिहावं, याबद्दल नियम मौन पाळतो. मी सिद्धम् लिपीत लिहिलं. कोयाच्या डोंगरावरच्या मठात उमेदीची वर्षं घालवून जी संस्कृत अक्षरं गिरवली, ती केवळ स्मशानातल्या फळ्यांवर लिहायची आणि जिवंत माणसाच्या कचऱ्याला त्यांचा काहीच लाभ होऊ द्यायचा नाही, हा कुठला न्याय? पण समितीच्या अध्यक्षा इनुईबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "गुरुजी, सकाळपासून दोन-तीन म्हाताऱ्या हिच्यापुढे हात जोडून गेल्या. गाडीवाला हात लावत नाहीये. आत कोण आहे ते आधी सांगा."

आत माशांची डोकी होती. हे सांगणं माझ्या भिक्षूच्या वस्त्राला शोभलं नसतं. मी पिशवी आत घेतली.

असो. आता तुझ्याकडे वळतो.

तू सांगितलेला इंटरनेटवरचा फलक मी पाहिला. श्राद्धांच्या तारखा ठेवायला घेतलेल्या संगणकावर हल्ली मी जिवंतांच्या कुरबुरी वाचतो, ही प्रगतीच म्हणायची. तिथे सगळ्यांचं नाव एकच, 'अनाम'. तू फोनवर म्हणालीस, "मामा, इतक्या अनामांतून मी कुठली हे कुणाला कळणार?" मला दुसऱ्या ओळीला कळलं.

'सुदाची उतरवायचे दिवस आले, हवा हलकी झाली. अशा सुंदर दिवसांत हे लिहावं लागतंय, क्षमस्व. मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांच्या घंटेच्या तारा काढून पलंगामागे टाकतात, म्हणजे कुणी बोलावूच नये...'

अगं, आगीची वर्दी देतानासुद्धा आधी ऋतूचं वर्णन करणारी माणसं या देशात अजून आहेत, पण ती बहुतेक आपल्याच घरातली. माझ्या आईने ताईला शिकवलं, ताईने तुला. शिवाय सुदाचीची आंबट फळं शहरातले लोक दुकानातून आणतात. ती 'उतरवणारी' माणसं आपल्या खोऱ्यातली. आणि आरोप करण्याआधी क्षमा मागणं हे तर साक्षात तुझी आई. मला जे कळलं ते तुझ्या संचालकाला कळायला किती वेळ लागेल?

तुला थांब म्हणणार नाही. ऐकायची नाहीस. पण पुढची पोस्ट टाकण्याआधी मसुदा टपालाने मला पाठव. फोनवर या विषयावर बोलायचं नाही. वसतिगृहातलं इंटरनेट वापरू नकोस, ते ज्यांचं आहे त्यांच्याचविरुद्ध तू लिहिते आहेस. त्या वृद्धाश्रमाचं नाव पत्रातही लिहू नकोस. फोटो नाही. कामाची पाळी संपल्या संपल्या लिहायचं नाही.

मी लाल शाई आणून ठेवली आहे.

तुझा
जोशुनमामा


१२ ऑक्टोबर

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

इकडे रस्त्याकडेच्या गिंकोंची फळं पडून सगळीकडे घाण वास सुटलाय, पानं मात्र अजून हिरवीच. (पत्रात ऋतू चालतो ना? की इथेही लाल शाई?)

तुमच्या कचऱ्याला माझी श्रद्धांजली. इनुईबाईंना सांगा, आतल्या माशांना सद्गती मिळाली.

मामा, तुमचं खरं झालं. सोमवारी सकाळच्या सभेत एरवी आम्ही भिंतीवरचं बोधवाक्य मोठ्याने वाचतो, एकेक जण एकेक ओळ. सोमवारी आमचे संचालक कुरामोचीसाहेब यांनी बोधवाक्याऐवजी एक छापील कागद वाटला. माझी पोस्ट. म्हणाले, "कुणाला दोष द्यायचा नाही. फक्त ऐकायचं आहे, हे कुणाच्या तोंडी शोभतं." आणि प्रत्येकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावलं. एकापाठोपाठ एक. ते स्वतः खुर्चीत डोळे मिटून बसलेले, गाणं ऐकावं तसे.

धुलाईतल्या उसामीबाई म्हणाल्या, "साहेब, मी चष्मा आणला नाही."

"सहा जणांचं ऐकलंत. पाठ झालं असेल एव्हाना."

"मला माझ्या नवऱ्याचा वाढदिवस पाठ होत नाही, साहेब."

सगळे हसले, साहेबही हसले. मग माझी पाळी. मी मुद्दाम अडखळत वाचलं, शाळेतल्या ढ मुलीसारखं. पण 'क्षमस्व'पाशी माझा आवाज आपोआप नीट झाला. मला ऐकू आलं ते. साहेबांनी डोळे उघडले.

"चिगुसाबाई, तुमच्या गावाकडे सुदाची होतात ना?"

"होतात. पण आमची झाडं किडली, साहेब."

"अरेरे," म्हणाले. "बिचारी झाडं." आणि पुन्हा डोळे मिटले.

मामा, मी थांबणार नाही. पण आता भीती वाटते. सरकारी तपासणीवाले येण्याआधी फोन करतात, त्या दिवशी सगळ्या तारा जागेवर असतात. फलकावर इतकं लिहून यायला हवं, की त्यांना न कळवता यावंच लागेल. दुसऱ्या मजल्यावरच्या फुमिएआजी घंटा नाही म्हणून चमच्याने पलंगाची दांडी वाजवायच्या. टक, टक, टक. आता चमचापण काढून घेतला. पिशवीतून नवा चमचा नेला तर म्हणतात, "नको गं, तुझं नाव येईल."

मसुदा सोबत आहे. जपून खोडा.

तुमची
चिगुसा


२० ऑक्टोबर

चि. चिगुसा हिस,
आशीर्वाद.

भातं कापून झाली. रानडुकराने देवळामागची रताळी उकरली आणि जाताना बुद्धाच्या मूर्तीला पाठ घासून गेलं, म्हणजे दर्शनही घेतलं. हे तुला लिहितो कारण पत्रात ऋतू असावा. फलकावर ऋतू नाही. तिथे कायम कुठलाच महिना नसतो, असं समज.

मसुदा परत पाठवतो आहे, त्याची नक्कल माझ्याकडे ठेवली आहे. लाल शाई बघून दचकू नकोस, रक्त नाही.

तू लिहिलं होतंस, 'भिजलेल्या मांजरासारख्या त्या माझ्याकडे बघतात आणि मला वाटतं, देवा, मी इथे करतेय काय!' त्याजागी मी लिहिलं आहे, 'रहिवाशांना मदत मागण्याचं साधन उपलब्ध नाही.' मांजर गेलं, देव गेला, आणि तूही गेलीस. उरलं ते कुणाच्याही तोंडी शोभेल, अर्थात कुणाच्याच नाही. तुझा विनोद काढला आहे. तो माझ्या बहिणीचा आहे, दोन पिढ्या लांबून ओळखू येतो. राग काढला. प्रश्नचिन्हं काढली, तू उत्तर माहीत असतानाच प्रश्न विचारतेस.

चमचाही काढला आहे. तुला तो ठेवावासा वाटणार. पण तो चमचा तुझ्याखेरीज कुणी पाहिला? जे दोघांतिघांनाच माहीत आहे ते लिहिणं म्हणजे खाली सही करणं. ते दहा जणांनी पाहीपर्यंत थांबायचं.

आणखी एक. कुणी स्तुती केली तर उत्तर द्यायचं नाही. कुणी खोटं ठरवलं तरी नाही. माणूस सर्वांत लवकर सापडतो तो 'नाही हो, तसं नव्हतं' म्हणताना.

गंमत बघ. मेलेल्या माणसाला नवं नाव देणं हा माझा नित्याचा उद्योग. त्याची चार अक्षरं निवडताना मी त्याच्या घरी जातो, तो काय खायचा, कशावर चिडायचा ते विचारतो. जिवंत माणसाचं काढून घ्यायचं काम पहिल्यांदाच करतो आहे, आणि सांगायला लाज वाटते, हात बरा बसला आहे.

तुझा
जोशुनमामा


२ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. नमस्कार.

थंडी सुरू झाली. बाकी तुम्हाला माहीतच.

चमचा काढला. काढताना थोडी रडले, तेवढं सांगते. हेही खोडायचं असेल तर खोडा.

पोस्ट टाकली. शेजारच्या गावातल्या इंटरनेटच्या दुकानातून, सुट्टीच्या दिवशी, तोंडावर मास्क, सगळं तुमच्या शिस्तीत. बुधवारी सभेत तिचे कागद वाटले. कुरामोचीसाहेबांनी सगळ्यांना दोनदा वाचायला लावलं. उसामीबाईंच्या तोंडी बसलं. स्वयंपाक्याच्या तोंडी बसलं. मी वाचलं, माझ्या तोंडी बसलं, पण परीटघडीच्या कपड्यासारखं, कुणाचंही असेल असं. मला स्वतःला ते माझं वाटलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, "बघू," आणि त्यांनी स्वतः वाचलं. मामा, सगळ्यांत जास्त ते त्यांच्याच तोंडी शोभलं. जिन्यातल्या सूचना वाचाव्या तसं. त्यांनाही ते जाणवलं असणार, कारण त्यांनी कागदाची घडी फार सावकाश केली.

आनंदाची गोष्ट म्हणजे आता बाकीचेही लिहायला लागलेत. फलकावर रोज काहीतरी येतं. सगळे तशाच भाषेत लिहितात. बहुधा माझं बघून, किंवा सभेत वाचून वाचून ती भाषा सगळ्यांच्या जिभेवर बसली असेल.

पण काल एक पोस्ट आली. त्यात चादरींच्या कपाटामागे ठेवलेल्या जाड हातमोज्यांबद्दल होतं, आजी-आजोबांचे हात जखडायला मनगटाला बांधायच्या. ते मोजे मी पाहिलेत. मी एकटीच होते तेव्हा. मी कुणाला सांगितलं नाही, लिहिलंही नाही, तुम्ही म्हणालात म्हणून थांबले होते. मामा, तुम्ही लिहिलंत का? हा वेडा प्रश्न आहे. तुम्हालाही मी सांगितलं नव्हतं. पण ते वाक्य मी लिहिलं असतं तर अगदी तसंच लिहिलं असतं, शब्दाला शब्द.

रविवारी बेकरीत गेले आणि तोंडातून निघालं, "लाल डाळीचा पाव उपलब्ध आहे का?" बेकरीवाली म्हणाली, "अगं बाई, तपासणीला आलात की काय?"

हसू आलं. मग घरी आल्यावर आलं नाही.

चिगुसा


११ नोव्हेंबर

चि. चिगुसा हिस,
आशीर्वाद.

पर्सिमनची फळं सोलून वाळत टांगली आहेत. एक कावळा रोज येऊन त्यांची पाहणी करतो. अद्याप त्याचा अहवाल आलेला नाही.

मी काहीही लिहिलेलं नाही. तुझ्यावर लाल शाई चालवतो तेवढंच माझं साहित्य. हातमोजे दुसऱ्या कुणी पाहिले असतील. कपाट काही तुझ्या एकटीचं नाही. तू एकटी होतीस, म्हणजे तुला कुणी दिसलं नाही, इतकंच. हे मी तुझं समाधान व्हावं म्हणून लिहिलं, पण लिहून झाल्यावर त्याने माझंच समाधान झालं नाही.

परवा दुपारभर फलक वाचत बसलो. म्हटलं, भाची कुठे कुठे आहे ते शोधू. तुला एकेकाळी दुसऱ्या ओळीला पकडणारा मी, सगळ्या पोस्ट पुन्हा पुन्हा वाचल्या. शेवटी तीन निवडल्या: जेवणाच्या गाडीबद्दलची, पाणी कमी देतात ती, आणि 'खिडक्या उघडण्यास मनाई आहे' ही. पहिली निवडली कारण तुला भूक लवकर लागते. दुसरी का, ते सांगता येत नाही. तिसरी वाचताना मला गारठल्यासारखं झालं, म्हणून.

किती बरोबर आले ते कळव. नापास झालो तर कान धरीन.

आणि हे बघ, माझ्याशी बोलताना तरी ती भाषा उतरवून ठेवत जा. पादत्राणं उतरवतो ना दारात, तशी.

तुझा
जोशुनमामा


२२ नोव्हेंबर

मामांस,

पत्र छापून पाठवते आहे. कारण असं की साहेबांनी प्रत्येकाकडून 'रहिवाशांबद्दलची कृतज्ञता' या विषयावर हाताने एक पान लिहून घेतलं आहे. ती सर्व पानं त्यांच्या टेबलावर आहेत. हस्ताक्षर आता कुठेही असू नये.

तुमच्या तीनपैकी एक माझी आहे. कुठली ते सांगत नाही. खरं म्हणजे मलाही खात्री नाही. काल जुन्या पोस्ट वाचताना एक अशी सापडली जी मी लिहिल्याचं मला आठवत होतं, पण त्या दिवशी मी दुकानात गेलेच नव्हते. आणि एक अशी, की जी दुसऱ्या कुणाची म्हणून मी वाचत गेले आणि शेवटी तुमची दुरुस्ती दिसली.

फुमिएआजींना दुसऱ्या खोलीत हलवलं आहे. कोणत्या ते आम्हाला सांगितलेलं नाही. विचारलं तर "का विचारता?" असं विचारतात.

सभेत आता वाचन नसतं. साहेब नुसते आम्हा सगळ्यांकडे बघून नमस्कार करतात. ते जास्त वाईट आहे.

नववर्षाला येते. मोचीच्या लाडवांचा भात कुटायला आपलं मुसळ शोधून ठेवा, गेल्या वेळेसारखं इनुईबाईंचं आणू नका. त्या परत देताना अर्धा तास बोलतात, आणि ऐकावं मला लागतं.

चिगुसा


१ डिसेंबर

चि. चिगुसा हिस,
आशीर्वाद.

मुसळ सापडलं. ते इतकी वर्षं कोठारात घंटेच्या जुन्या दांड्याचं सोंग घेऊन उभं होतं.

तुझं पत्र पुष्कळदा वाचलं. मुसळाचा परिच्छेद आला तेव्हा जिवात जीव आला. इनुईबाईंबद्दलचं ते वाक्य तू सोडून कुणी लिहिणार नाही. त्याआधीचं सगळं मात्र कुणीही लिहिलं असतं. छापील अक्षरं बघून मला देवळात येणाऱ्या जाहिराती आठवल्या. आता हसू नकोस, पण मी पाकिटाचा वास घेऊन पाहिला.

माझं ऐक. आता पुरे. फलकावर लिहिणारे पुष्कळ झाले, ते तुझ्यावाचून चालतील. राजीनामा दे, नववर्षापर्यंत थांबू नकोस, आत्ता निघून ये. जे तुला माहीत आहे ते आपण दोघं तपासणीच्या कार्यालयात जाऊन तोंडाने सांगू. तुझ्या स्वतःच्या तोंडाने, मांजर, चमचा आणि देवासकट. मी खोडलेलं सगळं मी स्वतः परत लिहून देतो.

आणि एक म्हाताऱ्याचा हट्ट. उत्तरात एवढंच लिही: पहिलीत असताना तू देवळाच्या घंटेखाली काय पुरलं होतंस? परीक्षा आहे असं समज. पास झालीस तर मोची.

वाट बघतो.

जोशुनमामा


९ डिसेंबर

मामांस,

पत्र मिळालं. जे दोघांनाच माहीत आहे ते लिहिणं म्हणजे सही करणं, असं तुम्हीच कळवलं होतं. त्यामुळे प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

राजीनामा दिला आहे. वसतिगृह सोडलं आहे. सध्याचा पत्ता पाकिटावर आहे. ती टपाल कार्यालयातली पेटी आहे.

माझी आजवरची सर्व पत्रं आणि दुरुस्त केलेले मसुदे त्या पत्त्यावर परत पाठवावेत. प्रती ठेवू नयेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे आवश्यक आहे.

घंटेच्या तारा जोडण्यात आल्या आहेत. काळजीचं कारण नाही. फोन करू नये. नववर्षाला येणं शक्य होणार नाही.

चिगुसा


१७ डिसेंबर

चि. चिगुसा हिस, किंवा ज्या कुणाच्या हाती हे पत्र पडेल त्यांस,

मायना लिहायला इतका वेळ मला आजवर कधी लागला नव्हता. 'तू' लिहावं की 'आपण', इथूनच अडलं. 'तू' लिहितो. आपण कुरामोचीसाहेब असाल तर हा अगोचरपणा पोटात घाला.

नऊ तारखेचं पत्र वाचून मला पहिल्यांदा वाटला तो अभिमान, हे ऐकून तुला हसू येईल. त्यात खोडायला काही नव्हतं. मी लाल लेखणी हातात घेऊन बसलो होतो, सवयीने, आणि ती कुठेच टेकवता आली नाही. मग मी लेखणी खाली ठेवली आणि फोन शोधला.

तू फोन करू नये म्हणालीस, म्हणून केला. वसतिगृहात एका फार सभ्य बाईंनी उचलला.

"त्यांनी राजीनामा दिला आहे."

"कुठे गेली?"

"आपण कोण?"

"मामा."

"मामांना त्यांनी कळवलं नाही का?"

मी म्हटलं, कळवलं आहे. मग त्या म्हणाल्या, "मग उत्तमच." आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी बसने पूल ओलांडून तुझ्या शहरात आलो. तुझ्या खोलीच्या खिडकीला नवे पडदे आहेत, पिवळे. चौकीवर गेलो. तिथला तरुण हवालदार सज्जन आहे, त्याने चहा दिला. मी पत्र दाखवलं. त्याने ते नीट वाचलं आणि माझ्याकडे कौतुकाने बघून म्हणाला, "गुरुजी, सज्ञान मुलगी आहे. नोकरी सोडली, पत्ता दिला, काळजी करू नका लिहिलं. हल्लीच्या मुली इतकंही लिहीत नाहीत. हे पत्र म्हणजेच त्या सुखरूप असल्याचा पुरावा."

"हे तिनेच लिहिलंय कशावरून?"

"खाली नाव आहे की," म्हणाला.

तुमच्या त्या वृद्धाश्रमासमोरच्या बसथांब्यावर उसामीबाई भेटल्या. मी ओळख सांगितली तेव्हा त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. "चांगली पोर हो. आम्हाला हसवायची. मग हसवेनाशी झाली. राजीनामा सभेत वाचून दाखवला साहेबांनी."

"कसा होता?"

"कसा म्हणजे? कुणीही लिहील तसा."

"ती समोर होती का?"

"छे. त्या दिवसापासून दिसलीच नाही." मग म्हणाल्या, "घंटा मात्र जोडलीय, बरं का, फुमिएआजींच्या जुन्या खोलीतली. कधीकधी वाजते पण. आम्ही धावत जातो. खोलीत कुणी नसतं."

बस आली. त्या चढल्या आणि खिडकीतून माझ्याकडे न बघता बसल्या.

फलकावर रोज एक नवी पोस्ट येते. 'परिस्थितीत सुधारणा झाली आहे.' 'तारा जोडण्यात आल्या आहेत.' 'पूर्वीचे आरोप अतिशयोक्त होते.' सगळ्या अनाम, सगळ्या त्याच आवाजात. त्यांत एक अशी होती, 'इथलं वातावरण समाधानकारक आहे', की ती वाचून मी संगणक बंद केला आणि तरीही बराच वेळ त्या काळ्या काचेसमोर बसून राहिलो. तो आवाज मी घडवला होता. त्यातलं एकेक वळण माझ्या ओळखीचं आहे.

आता तुझ्या मागणीबद्दल. पत्रं आणि मसुदे परत पाठवत नाही. परवा शेवटची दोन पत्रं सोडून ते सगळं तपासणीच्या कार्यालयात नेऊन दिलं, माझ्या नावाने, शिक्क्यासकट. खालच्या खिडकीवर म्हणाले, "निनावी देता येईल, गुरुजी." मी म्हटलं, नको. तिथल्या बाईंनी तुझं ऑक्टोबरमधलं पत्र माझ्यासमोरच वाचलं. सभेच्या प्रसंगाला त्या हसल्या आणि चमच्यापाशी त्यांनी चष्मा काढला. न कळवता जातील, असं म्हणाल्या. जातील, असं मला वाटतं.

तू चिगुसाच असशील तर मी तुझा विश्वास मोडला आहे. तू कुठेतरी लपून, मी शिकवलं त्याच शिस्तीने, जीव वाचवते आहेस आणि मी तुझं नाव खिडकीवर नेऊन ठेवलं. मग ये आणि मला वाट्टेल ते बोल. इनुईबाईंसमोर बोल. आपण चिगुसा नसाल, तर त्या कागदांची वाट बघू नका.

त्या टपाल कार्यालयातही गेलो होतो. पेट्यांसमोरच्या बाकावर दुपारभर बसलो. पुष्कळ लोक आले, मास्क लावलेले, कोटाची कॉलर वर केलेले. तुझी पेटी कुणी उघडली नाही. एक मुलगी दारापर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत फिरली. तुझ्याच उंचीची होती. मी हाक मारली नाही. तू असतीस तर माझ्या हाकेने सापडली असतीस, आणि ती तू नसतीस तर मला ते कळायला नको होतं. उद्या पुन्हा जाऊन बसणार आहे.

इतकं सगळं लिहिलं ते मूळ गोष्ट लिहायची टाळण्यासाठी. ती लिहितो.

तुझी शेवटची दोन पत्रं समोर ठेवली आहेत. बावीस तारखेच्या पत्रातलं इनुईबाईंचं वाक्य तुझं, याबद्दल मला शंका नाही. नऊ तारखेचं पत्र तुझं असू शकेल. ते दुसऱ्या कुणाचंही असू शकेल. ताई गेल्यावर तुला लहानाचं मोठं केलं मी, आणि त्या पत्रावरून तू जिवंत आहेस की नाही, हे मला सांगता येत नाही.

जोशुनमामा